वहिवाट मोडायची तर विचारून

ताई,

मी बेळगावातल्या शहापूरचा, नोकरी उद्यमबागेत. गेली तीन वर्षं दर रविवारी आमच्या माडीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ चालतं, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ. डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, मी; खेळणारे पाच. एक निपाणीहून येतो, वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत बसतो. एक खानापूरची, शाळेत शिकवते. दोघं इथलेच, त्यातल्या एकाच्या घरी कन्नड बोलतात. पाचवा बेंगळुरूत असतो, तो व्हिडिओवरून खेळतो. आम्ही २०१४ च्या नियमांच्या पुस्तकांवर खेळतो. आमचे स्वतःचेही नियम आहेत. पहिला चहा यायच्या आधी कुणी मरत नाही. कुणाचे हिट पॉइंट, म्हणजे पात्रात उरलेला जीव, शून्यावर आले की सगळे ‘साकु, साकु’ (कन्नडमध्ये ‘पुरे, पुरे’) म्हणतात आणि मी राक्षसाला थांबवतो.

दिवाळीच्या बोनसमधून मी २०२४ च्या सुधारित आवृत्तीची तिन्ही पुस्तकं घेतली. महिनाभर रात्री जागून वाचली. नियम खरंच सुधारलेत. मग एका गुरुवारी ग्रुपवर टाकलं, ‘पुढच्या रविवारपासून २०२४. नवी शीट बनवून आणा.’ शीट म्हणजे ज्याच्या त्याच्या पात्राचा कागद. कुणी काही बोललं नाही. रविवारी निपाणीवाल्यानं जुनीच शीट टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “तीन वर्षं बरं चाललंय की रे. कशाला हात लावूलास त्याला?” तो पॅलाडिन, म्हणजे थोडे मंत्र येणारा पवित्र योद्धा, खेळतो. मी त्याला पॅलाडिनमधले बदल समजावू लागलो तर तो उठून गेला. बाकीचेही त्याच्याच बाजूला. दोन रविवार झाले, खेळ बंद आहे. सगळी पात्रं गुहेच्या तोंडाशी उभी आहेत ती तिथंच.

औषधाची बाटली प्यायला पाळीतलं मुख्य काम, म्हणजे अख्खी अ‍ॅक्शन जाते म्हणून हेच लोक कुरकुरायचे. मागच्या वर्षी आम्हीच ते पाळीतल्या जोडकामावर, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनवर आणलं. नव्या पुस्तकात तेच आलंय, तरी यांना पुस्तक नको! याला हट्ट म्हणायचं की आळस? आणि मी काय करू?

— माडीवरचा डीएम

उत्तर

अरे, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटी जाता जाता लिहिलीस. ती बाटलीची. तुमच्या टेबलाला एक नियम जाचत होता, तुम्ही सगळ्यांनी मिळून तो बदललात आणि ते करायला कुठल्या पुस्तकाची वाट बघितली नाहीत. मग ही माणसं बदलाला भिणारी कशी? आणि आळशी माणूस रविवारची सुट्टी मोडून निपाणीहून दीड तास बसमध्ये बसून येत नाही. हे दोन्ही शब्द आधी मनातून काढ. तुझ्या तोंडून ते एकदा जरी निसटले, तरी पुढची बोलणी अवघड होतील.

आपल्याकडं शेताच्या वाटेवरून भावाभावांत बोलणं बंद होतं, हे तू बघितलं असशील. बांधावरून पिढ्यान् पिढ्या पायवाट पडलेली असते. उताऱ्यावर तिची नोंद नसते, नकाशात ती दिसत नाही, पण बैल तिथूनच जातात आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई काळोखात न चाचपडता तिथूनच घरी येते. तिला आपण वहिवाट म्हणतो. उद्या शेजाऱ्यानं त्या वाटेवर काटे टाकले आणि सांगितलं, ‘पलीकडून सरळ, रुंद रस्ता दिलाय, तिकडून जा,’ तर माणूस नवा रस्ता बघायलाही जात नाही. तो आधी विचारतो, ‘वाट बंद करणारा तू कोण?’

तुझ्या गुरुवारच्या मेसेजनं हेच केलं. रस्ता चांगला होता. पण तो कळला काट्यांच्या आधी नव्हे, काट्यांबरोबर.

आपल्या या खेळात वहिवाटीला इतकी किंमत का, हेही सांगते. कॅरममध्ये बोर्ड असतो, सोंगटी भोकात गेली की गेली, ती कुणाच्या मानण्यावर नसते. आपल्या टेबलावर काय असतं? फासे, कागद, पेन्सिली. गुहा नाही, राक्षस नाही, तलवार नाही. सहा माणसांनी एकच गोष्ट एकाच वेळी खरी धरायची असते आणि ती धरता यावी म्हणून नियम असतात. तो डाव्या हाताला वळला तर मागून वार बसेल का, मंत्र म्हणताना मार लागला तर मंत्र तुटेल का, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणूनच जीव मुठीत धरून खेळता येतं. तीन वर्षांत तुमच्यापैकी कुणीही पुस्तक उघडायचं सोडून दिलं असेल. नियम अंगात मुरलेत. ‘साकु’ म्हटलं की सगळे थांबतात, हे कुठल्या कंपनीनं लिहिलेलं नाही. तुमच्या दृष्टीनं ते आणि छापलेलं पुस्तक आता एकाच पातळीवर आहे. तू पुस्तक बदललंस, त्यांना वाटलं माडीच गेली.

आता त्या पॅलाडिनबद्दल, कारण गाठ तिथंच आहे.

२०१४ च्या नियमात पॅलाडिनचा वार लागला की त्यावर तो दैवी स्माइट, म्हणजे जादा इजा, लावू शकतो. वेगळी अ‍ॅक्शन लागत नाही, फक्त मंत्राचा एक स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणायच्या मोजक्या संधींपैकी एक, खर्च होतो. पाचव्या लेव्हलपासून एका पाळीत दोन वार मिळतात. दोन्ही लागले आणि स्लॉट शिल्लक असले तर दोन्हींवर स्माइट. २०२४ मध्ये स्माइट हा मंत्रच झाला, वार लागल्यावर बोनस अ‍ॅक्शन वापरून म्हणायचा. म्हणजे पाळीत एकदाच. शिवाय मंत्र असल्यामुळं समोरचा जादूगार तो हाणून पाडू शकतो आणि निःशब्दतेच्या वर्तुळात तो म्हणताच येत नाही. बदल्यात पॅलाडिनला बरंच मिळालंय. हात ठेवून बरं करणं आता बोनस अ‍ॅक्शनवर होतं, घोडा बोलावायचा मंत्र आपोआप येतो आणि एकदा फुकट वापरता येतो. तू बहुतेक हीच बेरीज-वजाबाकी त्याच्यासमोर मांडलीस. हिशेब बरोबरही असेल.

पण तो आठवड्याचे सहा दिवस वखारीत पोती मोजतो आणि सातव्या दिवशी येऊन त्याला दोन फासे टाकायचे असतात, दोन्ही लागावेत म्हणून हात जोडायचे असतात, आणि लागले की मूठभर आठ बाजूंचे फासे टेबलावर ओतायचे असतात. त्या क्षणासाठी तो पॅलाडिन खेळतो. तू त्याला सांगत होतास की हा क्षण काढून घेतलाय, पण त्याऐवजी घोडा दिलाय. मी त्याच्या जागी असते तर मीही उठले असते.

त्यानं टेबलावर ठेवलेली जुनी शीट तू नीट बघितलीस का? मी न बघता सांगते, तीन वर्षं चाललेल्या सगळ्या शीट सारख्याच होतात. हिट पॉइंटच्या चौकोनात इतक्यांदा खोडरबर फिरलेलं असतं की कागद पातळ होऊन पलीकडची अक्षरं दिसतात. एका कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ. सामानाच्या यादीत दोरी, मशाली, तेलाची कुपी, आणि मध्येच एखादी वस्तू जिचा उपयोग कुणालाच आठवत नाही, पण ती खोडायचा हात होत नाही. ‘नवी शीट बनवून आणा’ हे लिहायला तुला दहा सेकंद लागली असतील.

हे मी अधिकारानं बोलते, कारण मी तुझ्याहून मोठी चूक केली आहे. २००५ पासून आम्ही इंजिनिअरिंगची पोरं टिळकवाडीतल्या एका खोलीत ३.५ आवृत्ती खेळायचो, सगळी झेरॉक्सवर. आमच्यातला एक जादूगार खेळायचा. त्या आवृत्तीत जादूगाराला रोज सकाळी आपल्या पोथीतून त्या दिवसाचे मंत्र निवडून तयार ठेवावे लागत. यानं खरोखरची पोथी केली होती, खाकी कव्हराची दोनशे पानी वही. एका मंत्राला एक पान. वरच्या कोपऱ्यात तो मंत्र कुठं सापडला ते बारीक अक्षरात: ‘पडका मनोरा, जिन्याखाली’, ‘म्हातारीकडून, दोन मोहरा देऊन’. २००८ साली चौथी आवृत्ती आली. मावसभावानं पुण्याहून पुस्तकं आणून दिली, मी भारावून गेले आणि चालू कथेतच सगळ्यांना नव्या नियमांवर ओढलं. त्या आवृत्तीत योद्धा, जादूगार अशा प्रत्येक वर्गाच्या शक्ती एकाच साच्यात आल्या होत्या: काही कधीही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. लढाया सुटसुटीत झाल्या, डीएमचं काम खूप हलकं झालं, हे मी आजही म्हणेन. पण त्या वहीतल्या बहुतेक पानांना नव्या खेळात जागा नव्हती. तो दोनदा आला. दुसऱ्या वेळी वही आणली होती, पण पिशवीतून बाहेर काढली नाही. त्यानंतर आलाच नाही. मी त्याला नियमांचे फायदे सांगत राहिले. वहीबद्दल एक शब्द विचारला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या वर्षी जगभर हेच चाललं होतं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, पायझो या प्रकाशकानं ‘पाथफाइंडर’ काढला, थेट ३.५ च्या पायावर. नियम कुणालाही वापरू देणाऱ्या २००० सालच्या खुल्या परवान्यामुळं ते कायदेशीररीत्या करता आलं. ज्यांना चौथी आवृत्ती रुचली नव्हती ते मोठ्या संख्येनं तिकडं गेले. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पाथफाइंडरनंही पुष्कळ नियम बदलले होते. ते बऱ्याच लोकांनी घेतले, कारण जुनी पात्रं, जुनी साहसं थोड्या दुरुस्तीनं तिथं चालत होती. वाट तीच ठेवून खड्डे बुजवले होते.

चांगला नियमसुद्धा लोक लगेच का घेत नाहीत, याचं उत्तर मला माझ्या आजीकडं बघून सापडलं. तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ. सोळा आण्यांच्या रुपयाचा हिशेब ती भाजी निवडता निवडता करायची, बाजारात कुणाची हिंमत नव्हती तिला फसवायची. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. शंभराचा हिशेब सोपा, हे कुणीही मान्य करील. पण आजीसाठी सोपं काय झालं? तिला जे येत होतं ते एका दिवसात बिनकामाचं झालं आणि कालपर्यंत हिशेबात जी पोरं तिच्या मागं होती ती तिच्या बरोबरीला आली. ती शेवटपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची.

आपल्या खेळात २००० साली अगदी असंच घडलं. त्याआधी चिलखताचा आकडा जितका कमी तितका बचाव चांगला, आणि वार लागला का हे ‘थॅको’ नावाच्या आकड्यातून वजाबाकी करून काढायचं. तिसऱ्या आवृत्तीनं ते उलटं केलं: आकडा जास्त तर बचाव चांगला, वीस बाजूंच्या फाशात बेरीज करायची, झालं. सोपं झालं यात वाद नाही. तरी थॅको पाठ असलेली टेबलं आजही त्यावर खेळतात आणि मजेत खेळतात. येणारी गोष्ट सोडायला लावणं म्हणजे माणसाला पुन्हा पहिलीत बसवणं. तुझी खानापूरची मैत्रीण आठवडाभर मुलांना शिकवते, रविवारी तिला विद्यार्थी व्हायचं नसेल. नव्या खेळाडू-पुस्तकाची पानं ३८४ आहेत. तू ती वाचलीस कारण तुला ओढ होती. त्यांची ओढ गुहेत काय आहे याची आहे.

पैशाचं फार बोलत नाही. पुस्तकं तू घेतलीस, त्यांना घ्यायची गरज नाही. नियमांचा गाभा २०२५ पासून खुल्या परवान्यावर फुकट मिळतो, तो त्यांना दे.

विश्वासाचा भाग मात्र थोडा खोल आहे. जानेवारी २०२३ मध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं तोच जुना खुला परवाना बदलायचा घाट घातला. खेळणाऱ्यांनी एवढा विरोध केला की महिना संपायच्या आत माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांना मोकळे करावे लागले. मग ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीच्या डिजिटल शीटवर जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू आपोआप नव्या रूपात बदलतील, असं जाहीर झालं. तेही ओरड झाल्यावर काही दिवसांत मागं घेतलं. तुझा बेंगळुरूचा मित्र व्हिडिओवरून खेळतो, त्याची शीट तिथंच असण्याची शक्यता मोठी. रात्रीत आपलं पात्र कुणीतरी बदलणार, ही भीती त्यानं एकदा अनुभवलेली असू शकते. त्यात तुझा मेसेज गेला.

तू म्हणशील, या नियमांवर तर २०२२ पासून जगभरच्या खेळाडूंची मतं मागवली होती, कच्चे नियम खेळून बघायला दिले होते. खरं आहे. पण शहापुरातल्या माडीवर कुणी विचारलं नव्हतं. तिथं विचारणारा तूच होतास.

आता काय करायचं. ग्रुपवर काही लिहू नकोस. एखाद्या संध्याकाळी बस पकडून निपाणीला जा, वखार बंद व्हायच्या वेळेला. नवं पुस्तक घरी ठेव. त्याला सांग की मेसेज टाकण्यात तुझी चूक झाली. पुस्तक घेण्यात काही चूक नव्हती, त्याबद्दल माफी मागू नकोस. आणि त्याला विचार की या तीन वर्षांतला त्याचा सगळ्यात आवडता वार कुठला. मग फक्त ऐक. मला ते माझ्या जादूगार मित्राला विचारायला हवं होतं.

चालू कथा जुन्या नियमांवरच संपव. हे कबूल करताना मनात ‘तूर्तास’ ठेवू नकोस, पूर्ण कबूल कर. शेवटपर्यंत ज्या पॅलाडिननं दोन-दोन स्माइट टाकले त्याला शेवटच्या राक्षसासमोर एकच द्यायचा, हा अन्याय आहे, मग पुस्तक काहीही म्हणो.

पण नवी पुस्तकं कपाटात टाकायचीही गरज नाही. त्यातले सुटे नियम टेबलावर ठेव, एका वेळी एक, बाटलीचा ठेवला होता तसाच. जखम बरी करणारा साधा मंत्र आता आठ बाजूंच्या एका फाशाऐवजी दोन फासे देतो, याला कोण नको म्हणेल? थकव्याचा नवा नियमही सोपा आहे, थकव्याच्या प्रत्येक पायरीला फाशातून दोन वजा. जुन्यातला सहा ओळींचा तक्ता शोधायला लागत नाही. जो नियम जुन्या जाचातून सोडवतो तो लोक आपणहून घेतात. स्माइटला मात्र हात लावू नकोस. तो त्या मित्राचा आहे.

आणि एखाद्या रविवारी कुणीतरी लग्नाला किंवा जत्रेला गेलं की गुहा बाजूला ठेवून एका बैठकीची वेगळी कथा चालव, पूर्ण २०२४ वर. नवी पात्रं, आणि शीट तू स्वतः भरून, छापून आण. कुणाला एक पानही वाचायला लावू नकोस. निपाणीवाल्याला पॅलाडिन देऊ नकोस, योद्धा दे, हातात मोठं शस्त्र. प्रत्येक शस्त्राला आता एखादं कसब आहे. कुठलं शत्रूला दहा फूट मागं रेटतं, कुठलं त्याला आडवं पाडतं, कुठल्या शस्त्राचा वार चुकला तरी थोडी इजा होते. कड्याच्या टोकावर लढाई ठेव आणि त्याला रेटणारा हातोडा दे. बाकी तो आपणहून बघेल. आवडलं नाही तर एक दुपार गेली. आवडलं तर पुढची कथा कुठल्या नियमांवर, हा प्रश्न तू विचारायच्या आधी तेच विचारतील.

एक गोष्ट तुझ्या बाजूनंही आहे आणि ती त्यांना कळायला हवी. दर आठवड्याला सगळ्यात जास्त राबतो तो डीएम. राक्षस तू रंगवतोस, नकाशे तू काढतोस, चहासुद्धा तुझ्याच घरचा. जुन्या नियमांनी तुझा जीव उबला असेल, तर ते सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे. ‘हे नियम चांगले आहेत’ असं सांगू नकोस, त्यावर वाद होतो. ‘मला यावर काहीतरी चालवून बघायची फार इच्छा आहे’ असं सांग. तीन वर्षांच्या सोबतीत या वाक्याला नाही म्हणणारी माणसं मला तुझ्या पत्रात दिसली नाहीत. आणि कथा संपल्यावरही ती जुन्यावरच राहिली, तर खानापूरच्या मैत्रिणीला एकदा डीएमच्या खुर्चीत बसव आणि तू तिच्या टेबलावर खेळ. नवी पुस्तकं घेऊन दुसरं टेबल सुरू करायला उद्यमबागेत तुझ्यासोबत काम करणारी चार पोरंही निघतील. त्यांची वहिवाट अजून पडलेली नाही.

येत्या रविवारी सगळ्यांच्या जुन्या शीट मांड. बेंगळुरूवाल्याला व्हिडिओ लाव. ते गुहेच्या तोंडाशी उभे आहेत असं तू लिहिलंयस. आत कसला आवाज येतोय ते सांग आणि तिथूनच सुरू कर. चहा लवकर ठेवू नकोस, निपाणीची बस येऊ दे.